नातवासोबत कोशिएनला

मुलाकडे परदेशी जाऊन आलेल्या आईबापांना गावात ठरलेले प्रश्न विचारले जातात. खायचे काय करत होता? नमाजची सोय कशी होती? थंडी किती? सूनबाई वागवते ना नीट? आम्ही दोघे 2019 च्या मार्चमध्ये जपानला गेलो आणि रमजानच्या आधी परतलो. तेव्हापासून या प्रश्नांची उत्तरे इतक्यांदा दिली आहेत की ती आता पाठ झाली. पण तिथे जे सर्वात जास्त लक्षात राहिले त्याबद्दल कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन सांगायला गेले की ऐकणारा म्हणतो, "बेसबॉल? म्हणजे ते क्रिकेटसारखेच ना?" म्हणून हे लिहून काढले. एकाने सांगितले, दुसऱ्याने लिहिले. जिथे आमचे दोघांचे एकमत झाले नाही, तिथे नातू आम्हाला ज्या नावांनी हाक मारतो तीच वापरली आहेत, दादा आणि दादी.

आमचा मुलगा कोबे शहरात जहाजाच्या यंत्रांशी संबंधित कंपनीत इंजिनिअर आहे. नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याचा जन्म रत्नागिरीचा, पण दोन वर्षांचा असताना गेला तो तिथेच वाढला. घरी आईबाप त्याच्याशी आपल्या भाषेत बोलतात, त्याला सगळे समजते, पण उत्तर देताना त्याचे शब्द संपतात. मग तो हात हलवतो, आणि तेही जमले नाही तर जपानी बोलून आईकडे पाहतो. पहिले आठ दिवस आमचे संभाषण "जेवलास?", "हो", "झोप आली?", "नाही" यापुढे सरकले नाही. दोन महिने असेच जाणार, या विचाराने दादीचा जीव खाली-वर होत होता.

मग 21 मार्चची रात्र आली. इचिरो सुझुकी नावाचा खेळाडू त्या रात्री तोक्योत शेवटचा सामना खेळून निवृत्त झाला. जपानमध्ये 1,278 आणि अमेरिकेत 3,089 असे त्याचे फटके नोंदले गेले आहेत. नातू टीव्हीपुढे बसून रडत होता. दादांनी गावसकर निवृत्त झाले तेव्हाचे दिवस पाहिलेले. ते त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारले, "हा काय करायचा रे एवढे?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला नातवाने अर्धा तास घेतला. पेन्सिल, पाटावरचे लाटणे आणि मोज्यांचा गोळा, एवढ्या साहित्यावर त्याने आम्हाला बेसबॉल शिकवला. भाषा अपुरी पडली की तो उठून करून दाखवी. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेतून आल्याबरोबर दप्तर टाकून आमच्या खोलीत येऊ लागला.

कोबे शहराबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जपानमधली पहिली मशीद याच शहरात आहे. ती 1935 साली उघडली. तेव्हा कोबे हे मोठे व्यापारी बंदर होते आणि तिथे स्थायिक असलेल्या भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी तुर्क-तातार बांधवांबरोबर पैसा उभा केला. 1945 च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूची वस्ती जळून गेली, मशीद उभी राहिली. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात शहर कोसळले, तेव्हाही ती उभी राहिली. आम्ही दर जुम्याला तिथे जात होतो. नातवाला बेसबॉलचे आकडे तोंडपाठ. त्याने एकदा मशिदीच्या दारात उभे राहून सांगितले की त्याचा आवडता संघ, हानशिन टायगर्स, हादेखील 1935 मध्येच स्थापन झाला. मशीद आणि टायगर्स एका वयाचे आहेत, हे त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते. आम्ही मान डोलावली. खरे तर आम्हालाही ते आवडले.

एप्रिलमधल्या एका जुम्याला मुलाने अर्धी रजा घेतली आणि पाचही जणांची तिकिटे काढली. कोबेहून हानशिन रेल्वेने कोशिएन स्टेशनला जायचे. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. मैदान, संघ आणि रेल्वे यांचे मूळ एकच. रेल्वे कंपनीनेच 1 ऑगस्ट 1924 रोजी हे मैदान उघडले. त्यांच्या जुन्या पंचांगात साठ वर्षांचे चक्र असते. ते वर्ष त्या चक्रातले पहिले, त्याचे नाव कोशी, म्हणून मैदान कोशिएन. बाहेरच्या भिंतींवर वेली चढलेल्या आहेत. आपल्याकडची जुनी दगडी कोर्टाची इमारत पावसाळ्यात दिसते तसे काहीसे दिसते.

जाण्यापूर्वी घरात खल झाला तो जेवणाचा. या मैदानावर करी-भात मिळतो आणि तो मैदान उघडल्यापासून प्रसिद्ध आहे. करीचे नाव ऐकून दादींना आनंद झाला, पण तो क्षणभरच. त्यात बीफ असते, पण ते हलाल नसते. सूनबाई तिथे राहून पाकिटांवरची बारीक जपानी अक्षरे वाचण्यात वकिलासारखी तयार झाली आहे. तिने घरूनच घावन, अंडी आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली. घरचे खाणे आत नेता येते. डबा आणि काचेची बाटली मात्र चालत नाही. दारावर तपासणी होते आणि कोणाकडे डबा असेल तर पेय कागदी पेल्यात ओतून देतात.

आणखी एक गोष्ट मुलाने आधीच सांगितली होती, की तिथे बीअर फार असते. होतीच. पाठीवर पिंप बांधलेल्या तरुण मुली पायऱ्या चढत-उतरत, हसत, हाका देत फिरतात. भरलेले पिंप पंधरा किलोच्या घरात जाते. आपल्याकडच्या बाया डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढतात, त्याची आठवण झाली, एवढाच फरक की त्या अशा रंगवलेल्या चेहऱ्याने हसत नाहीत. आमच्या रांगेत दोन्ही बाजूंनी माणसे पीत होती. कोणी आम्हाला आग्रह केला नाही, कोणी लडबडले नाही, आवाज चढला तो फक्त खेळासाठी. कुटुंब घेऊन जावे की नाही, असे कोणी विचारले तर आम्ही दोघे वेगळी उत्तरे देतो. दादांना त्यात वावगे वाटले नाही. दादींच्या मते खेळ चांगला, बैठक तेवढी चांगली नाही.

सुमारे 47 हजार माणसे मावतील एवढे ते मैदान. आमच्या जागा आल्प्स नावाच्या कठड्यात होत्या. 1929 साली बांधलेला हा भाग पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीने बर्फाच्या डोंगरासारखा दिसला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र तो डोंगर हळदीचा होता. टायगर्सचा रंग पिवळा आणि काळा. दादींनी थंडी म्हणून घेतलेली ओढणी नेमकी हळदीच्या रंगाची निघाली. शेजारी साधारण सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. ओढणीकडे बोट दाखवून त्या इतक्या खूश झाल्या की दादींचा हात हातात घेऊन हलवत राहिल्या. परक्या देशात डोक्यावरच्या पदराकडे लोक कसे पाहतील याची चिंता घेऊन गेलेल्या बाईला त्याच पदराने मैत्रीण मिळवून दिली.

आता खेळाविषयी थोडे. क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला सुरुवातीला हा खेळ अन्यायाचा वाटतो. चेंडू टप्पा न घेता थेट अंगावर येतो. टाकणारा 18.44 मीटरवर उभा, म्हणजे आपल्या खेळपट्टीपेक्षा जवळ. फलंदाजाने चेंडू फक्त समोरच्या पाचरीसारख्या भागात मारायचा. मागे किंवा बाजूला गेला तर तो फाउल. विश्वनाथचा लेट कट इथे कवडीमोलाचा. त्यात फटका बसला की पळावेच लागते, क्रिकेटसारखे उभे राहून "नो" म्हणता येत नाही. दहा वेळा फलंदाजीला येऊन सात वेळा बाद होणारा आणि तीनदा फटका लगावणारा माणूस उत्तम फलंदाज समजला जातो. दादा सुरुवातीला म्हणाले, "एवढे नापास होऊनही उत्तम?" नातू म्हणाला, "सगळेच नापास होतात." त्याचे मराठी वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा सलग आले.

गर्दीची शिस्त हा तर वेगळाच तमाशा. टायगर्स फलंदाजी करत असताना ढोल, तुताऱ्या आणि हजारो माणसांचे गाणे. प्रत्येक खेळाडूचे वेगळे गाणे, आणि ते सात वर्षांच्या पोरापासून शेजारच्या बाईंपर्यंत सगळ्यांना पाठ. हातातल्या पिवळ्या प्लास्टिकच्या छोट्या बॅटी एकमेकींवर आपटून ताल. पण पाहुणा संघ फलंदाजीला आला की हे सगळे थांबते. आता गाण्याची पाळी त्यांच्या मूठभर लोकांची. ते एका कोपऱ्यात बसून गातात आणि हजारो लोक ऐकून घेतात. आपल्याकडे दोन गावांच्या सामन्यात असे घडले तर पंचांना निम्मे काम उरणार नाही.

सामना सहाला सुरू झाला आणि एप्रिलमध्ये तिथे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दुसऱ्या डावाच्या आसपास मगरिब. मगरिबला वेळ थोडा, आणि सामना संपेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. वुजू आम्ही मशिदीतून निघतानाच करून घेतला होता आणि तो जपला होता. मुलगा म्हणाला, पाळीपाळीने जाऊ. कठड्याखाली जिन्याच्या मागे एक कोपरा होता. तिथे रिकामी खोकी रचलेली. फोनवर दिशा पाहिली. पश्चिमेपासून थोडी उत्तरेकडे. जानमाज म्हणून सूनबाईने पिशवीतला स्वच्छ पंचा पसरला.

तेवढ्यात गणवेशातला एक वयस्कर रखवालदार आला. हात वर करून थांबा अशी खूण केली. मुलगा अजून वर बसलेला. आमच्याबरोबर नातूच होता. तो पुढे गेला, वाकला आणि एकच शब्द बोलला, "ओइनोरी". त्याचा अर्थ प्रार्थना. रखवालदाराने पंचाकडे पाहिले, खोक्यांकडे पाहिले, मग दोन खोकी उचलून बाजूला केली आणि आमच्याकडे पाठ करून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. नमाज होईपर्यंत त्याने त्या बाजूला कोणाला येऊ दिले नाही. वरून ढोलांचा आवाज येत होता. नातूही आमच्या बाजूला उभा राहिला. तीन रकात. त्याने सलाम फेरल्यावर आधी उजव्या-डाव्या खांद्याकडे आणि मग रखवालदाराकडे पाहून पुन्हा एकदा वाकून मान तुकवली.

ही गोष्ट गावात सांगितली तेव्हा एकाने जपानी लोक किती चांगले, असे म्हटले, दुसऱ्याने आपल्या पोराने किती चांगले केले असे म्हटले. आम्हाला आठवतो तो त्या मुलाचा न घाबरलेला आवाज. आम्ही ज्या गोष्टीसाठी मनात मोठी वाक्ये जुळवत होतो, ती त्याने एका शब्दात सांगितली होती. त्या वेळी दादींच्या मनात काय चालले होते ते आता लिहायला हरकत नाही. मुलाशी या भेटीत एक विषय काढायचा असे आम्ही ठरवून गेलो होतो. नातवाला काही वर्षे आमच्याकडे ठेवावे, मदरशात आणि मराठी शाळेत घालावे. हा विषय अजून निघायचा होता.

परत वर आलो तेव्हा टायगर्सचा एक गडी पहिल्या तळावर उभा होता आणि पुढचा फलंदाज आला. त्याने बॅट आडवी धरली, दोन्ही हातांनी, आणि चेंडूला नुसता स्पर्श करून तो पायापाशी टाकला. चेंडू चार-पाच पावले घरंगळला. गडी दुसऱ्या तळावर पोचला आणि फलंदाज स्वतः सहज बाद झाला. टाळ्यांचा कडकडाट.

दादांना हे काही पटेना. "बाद होण्यासाठीच आला होता काय?"

"हो," नातू म्हणाला. त्याला हे समजावताना शब्द शोधावे लागले. "तो स्वतः आउट होतो. दुसरा पुढे जातो. आणि हे त्याच्या... त्याच्या मार्कांत धरत नाहीत."

म्हणजे सरासरी काढताना ही खेळी मोजतच नाहीत. वेगळ्या रकान्यात लिहितात. जपानी लोक या फटक्याला बलिदानाचा फटका म्हणतात आणि जपानी बेसबॉलमध्ये तो पुष्कळ खेळला जातो.

दादा गप्प झाले. आमच्याकडच्या वाचकांना याचे कारण सांगायला नको. कोकणातल्या आमच्या वस्तीत एक घर असे नाही की ज्यातला एक माणूस आखातात किंवा जहाजावर गेला नाही. दादा बावीस वर्षे कुवेतला होते. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. मुलगा इंजिनिअर झाला, मुलींची लग्ने झाली, घरावर स्लॅब पडला, तो त्या बावीस वर्षांतून. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी परत आले आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

"बरा नियम आहे," दादा शेवटी म्हणाले. "मार्कांत धरत नाहीत."

दादी खेळाकडेच पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याने पुढे जायचे तो पुढे गेला, जो बाद झाला त्याचा वेगळा रकाना झाला. घरी बसून ज्याने दोघांचे धुणे धुतले, त्याचा रकाना कुठे आहे ते विचारा नातवाला."

नातवाला त्यातला अर्धाच भाग समजला. त्याने मान हलवली आणि मैदानाच्या कडेला बोट दाखवले. बाद झालेला फलंदाज धावत आपल्या बाकाकडे येत होता. तिथे बसलेले सगळे खेळाडू उठून कठड्यापाशी आले. कोणी त्याच्या हातावर हात मारला, कोणी पाठीवर थाप दिली.

"हे बरे आहे," दादी म्हणाल्या. "परत येणाऱ्याला उठून सामोरे जातात. आमच्याकडे बॅगेत काय आणले ते आधी पाहायचे."

त्यावर दादा इतके हसले की शेजारच्या बाईंनीही काही न कळता हसून घेतले.

पाचव्या डावानंतर खेळ थोडा थांबला आणि मैदानाची निगा राखणारी माणसे आली. कोशिएनच्या आतल्या भागात गवत नाही, सगळी माती. काळी माती आणि पांढरी वाळू यांचे मिश्रण. वसंतात पाऊस जास्त म्हणून वाळू जास्त, उन्हाळ्यात पांढरा चेंडू दिसावा म्हणून काळी माती जास्त. दाताळी फिरवून, रेघा ओढून त्यांनी ती जमीन अशी सारखी केली की दादी उभ्या राहून पाहू लागल्या. झोडणीच्या आधी खळे चोपून सारवणाऱ्या बाईला या कामाची किंमत कळते. त्या सामन्यात दादींनी सर्वात मनापासून टाळ्या दिल्या त्या याच माणसांना.

या मातीची एक गोष्ट नातवाने सांगितली आणि मुलाने भाषांतर केले. या मैदानावर उन्हाळ्यात देशभरातल्या माध्यमिक शाळांची स्पर्धा होते. तेवढे दिवस टायगर्सना आपले मैदान सोडून बाहेर खेळावे लागते. जो संघ हरतो त्याची मुले गुडघे टेकून, रडत, पिशवीत माती भरून घरी नेतात. 1958 मध्ये ओकिनावा बेटावरची शुरी शाळा पहिल्यांदा इथे आली आणि हरली. मुलांनी माती नेली. पण ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. कायद्याच्या दृष्टीने ती परदेशी माती ठरली आणि बंदरावर ती समुद्रात टाकून द्यावी लागली. पुढे जपानी विमान कंपनीतल्या एका हवाई सेविकेला हे कळले तेव्हा कोशिएनमधले खडे गोळा करून त्या मुलांकडे पाठवण्यात आले. खड्यांना कायद्याची आडकाठी नव्हती.

आम्ही येताना दारचा हापूस आणू शकलो नव्हतो. सामानातून आंबा नेता येत नाही, तिथे फळांवर असेच निर्बंध आहेत. एप्रिल महिना, आणि नातवाने झाडावरचा आंबा कधी खाल्लेला नाही. ओकिनावाच्या मुलांची गोष्ट ऐकताना सूनबाई मान खाली घालून डब्यातले घावन वेगळे करत बसली होती.

सातव्या डावात प्रत्येकाने लांबट फुगा फुगवला. हजारो फुगे. संघाचे गाणे झाले. त्याचे नाव रोक्को ओरोशी, म्हणजे रोक्को डोंगरावरून उतरणारा वारा. तो डोंगर आमच्या मुलाच्या खिडकीतून दिसतो. गाणे संपताच सगळ्यांनी फुगे सोडले आणि आकाश शिट्ट्यांनी भरून गेले. दादींचा फुगा हातातच फुटला. शेजारच्या बाईंनी आपला दिला.

त्या बाईंनी मुलाच्या मार्फत सांगितले की टायगर्स देशाचे अजिंक्यपद जिंकले ते एकदाच, 1985 मध्ये. त्याच वर्षी आधी लीग जिंकली त्या आनंदात लोकांनी ओसाकाच्या दोतोनबोरी नदीत उड्या मारल्या. संघातल्या प्रत्येक खेळाडूसारखा दिसणारा एकेक माणूस पाण्यात उतरला. पण रँडी बास नावाच्या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूसारखा कोणी सापडेना, म्हणून चिकन विकणाऱ्या एका दुकानाबाहेरचा दाढीवाला कर्नलचा पुतळा उचलून नदीत टाकला. पुढे संघ जिंकेना, तेव्हा तो त्या कर्नलचा शाप, असे लोक म्हणू लागले. 2009 मध्ये पुतळा चिखलातून निघाला, तरी संघ जिंकला नाही. शापबिप आम्ही मानत नाही. पण 34 वर्षे हरणाऱ्या संघाच्या मागे येऊन ती बाई त्याच कठड्यात बसत होती, हे आम्ही मानतो.

त्या रात्रीही टायगर्स हरले. जिंकले की पुन्हा गाणे होते, हरले की होत नाही. लोकांनी आपापला कचरा पिशवीत भरला आणि हजारो माणसे आवाज न करता पायऱ्या उतरली.

परतीच्या गाडीत नातू दादांच्या खांद्यावर झोपला. गाडीत गर्दी होती, तरी एका तरुणाने उठून दादींना जागा दिली. मुलगा आमच्यासमोर दांडी धरून उभा होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अब्बा, माडीचं काम सध्या थांबवा."

घरावर मुलासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून आम्ही खांब वर काढून ठेवले होते. स्लॅबच्या वर सळया आलेल्या. गावात अशी घरे ओळीने आहेत, प्रत्येकावर सळया, आणि प्रत्येकाला ठाऊक की कोणाचा मुलगा कुठे आहे. त्याने एवढेच सांगितले की इथे कायम राहण्याची परवानगी मिळण्यासाठी तो अर्ज करणार आहे आणि पैसे एका ठिकाणी लावणे बरे.

दादांनी लगेच उत्तर दिले नाही. बावीस वर्षे पत्रातून अशीच वाक्ये लिहिणारा माणूस त्यावर काय बोलणार? दादी म्हणाल्या, "थांबलेलंच आहे बाबा. चार वर्षं झाली थांबलेलं आहे." आणि नातवाची टोपी खाली पडली होती ती उचलून त्यांनी मांडीवर ठेवली.

नातवाला गावी ठेवण्याचा विषय आम्ही त्या रात्री काढला नाही. दुसऱ्या आठवड्यात काढला. सूनबाईनेच उलट सुचवले की दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पाठवू, आणि इथे रोज संध्याकाळी फोनवर दादांनी मराठी आणि दादींनी कुरआन शिकवावे. एक वर्ष ते चालले. मग कोरोना आला आणि दोन उन्हाळे कोणालाच कुठे जाता आले नाही. फोनवरचा वर्ग मात्र चालू राहिला. तास सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे टायगर्सचा निकाल, ही त्याची अट होती. त्यामुळे दादांना आजही जपानच्या दोन लीगमधल्या बाराही संघांची नावे येतात.

कोणाची मुले तिकडे असतील आणि जाणे झाले, तर एक सामना जरूर पाहावा. स्वेटर न्यावा, समुद्रावरून वारा येतो. संध्याकाळच्या सामन्यापेक्षा शनिवार-रविवारचा दुपारचा सामना आपल्याला सोयीचा. जोहर पढून जावे, सामना संपल्यावर अस्रला वेळ मिळतो. खाणे घरून न्यावे. नियम आधी कोणाकडून तरी शिकून घ्यावेत, घरात लहान मूल असेल तर त्याच्याकडूनच.

माडीचे काम अजून झालेले नाही. सळया गंजू नयेत म्हणून गवंड्याकडून त्यांच्यावर सिमेंटचा हात मारून घेतला आहे. गवंडी म्हणाला, यावर आणखी दहा वर्षे तरी बघायला नको.

5 नोव्हेंबर 2023 ला, आपल्याकडे संध्याकाळ असताना, वर्गाची वेळ नसताना फोन वाजला. टायगर्स 38 वर्षांनी अजिंक्य ठरले होते. नातू आता तेरा वर्षांचा, आवाज फुटलेला, त्यात ओरडून बसलेला. मागे टीव्हीचा गोंगाट आणि रोक्को ओरोशी. "दादी, जिंकलो! आम्ही जिंकलो!" तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दादांना त्या शेजारच्या बाईंची आठवण झाली, त्या असतील का, असे ते विचारू लागले. दादींनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि विचारले, "जेवलास का?"